मदत हवी आहे: फवारणी ड्रोनच्या जोडीतील एकच बॅटरी फुगते आहे, कारण काय असावे?

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, परंतु मोजलेले सर्व आकडे आधीच देते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारावे लागणार नाही.

मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात राहते. आमच्या बचत गटाला नमो ड्रोन दीदी योजनेतून मिळालेला १० लिटर टाकीचा ड्रोन मी गेले दोन हंगाम चालवते. या ड्रोनला एका वेळी दोन बॅटऱ्या लागतात. प्रत्येक बॅटरी सहा सेलची आणि २२,००० मिलीअँपिअर-तासांची आहे, आणि दोन्ही सिरीजमध्ये (एकीपुढे एक) जोडल्या जातात, म्हणजे पूर्ण चार्ज झाल्यावर एकीचे २५.२ आणि जोडीचे ५०.४ व्होल्ट होतात. मूळ संच आणि चार जादा संच मिळून आमच्याकडे एकूण दहा बॅटऱ्या आहेत.

त्यांपैकी दोन बॅटऱ्या फुगल्या आहेत. एक किंचित फुगली आहे, तर दुसरी सपाट फरशीवर ठेवली की तुटक्या पायाच्या पाटासारखी डुगडुगते. मागच्या आठवड्यात सोयाबीनवर फवारणी करताना हीच दुसरी बॅटरी ड्रोनमध्ये होती. टाकी अर्धी भरलेली होती, पडद्यावर ४२.१ व्होल्ट दिसत होते आणि कमी व्होल्टेजचा इशारा ४२ ला लावलेला असल्यामुळे पिकाची ही ओळ पूर्ण करून मागे वळवावे, असा माझा विचार होता. वळण घेताच ड्रोन दबला, आकडा एकदम ४० च्या खाली गेला, इशारा वाजला आणि माझ्या हातात काही उरण्याआधी ड्रोन उभ्या पिकात आपोआप उतरला. सुदैवाने एका पात्याखेरीज काही मोडले नाही.

दहा मिनिटांनी मी दोन्ही बॅटऱ्या मोजल्या. चांगली बॅटरी २२.६ व्होल्टवर होती. फुगलेली २१.३ वर होती. तिच्यातील पाच सेल प्रत्येकी ३.६२ आणि चौथा सेल ३.२० दाखवत होता. आमचा चार्जर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोधही (सेल स्वतःच प्रवाहाला करतो तो विरोध) दाखवतो. बाकीच्या सेलचा तो साधारण दीड मिलीओहम आहे, या चौथ्याचा मात्र ६ आहे.

आता बॅटऱ्या कशा वापरल्या जातात, तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण चूक माझ्याकडूनच झाली असावी असे मला वाटते. जानेवारीत हरभऱ्याची शेवटची फवारणी झाल्यावर मी सर्व बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून पत्र्याच्या खोलीतील पेटीत ठेवल्या, त्या थेट जुलैत बाहेर काढल्या. हंगामात काम अंगावर येते तेव्हा उतरवलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली जाते. शेतीची वीज पाळीने येत असल्याने चार्जिंग बहुतेक वेळा जनरेटरवरच होते. बॅटऱ्यांवर जोड्यांचे क्रमांक लिहिलेले नाहीत. ज्या दोन पूर्ण चार्ज असतील त्या लावायच्या, अशीच आमची पद्धत आहे.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. फुगण्याचे खरे कारण उन्हाळ्यातील साठवण आहे, जनरेटर आहे की आणखी काही? किंचित फुगलेली बॅटरी अर्ध्या टाकीच्या कामाला वापरता येईल का? आणि शेतात गरम बॅटरी लवकर थंड करण्यासाठी तिच्यावर ओले गोणपाट टाकले तर चालेल का? गटातील एका काकूंनी हा उपाय सुचवला आहे आणि माठाचे उदाहरण देऊन त्यांनी मला जवळजवळ पटवलेच होते.

रोध-विरोध

ताई, तुम्ही आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण निदान त्यांतच आहे.

ड्रोन हवेत साधारण ८० अँपिअर ओढतो असे धरू. बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्यामुळे हा प्रवाह बाराही सेलमधून सारखाच वाहतो. दीड मिलीओहमच्या सेलमध्ये त्यामुळे ०.१२ व्होल्टची घट होते, तर ६ मिलीओहमच्या सेलमध्ये ०.४८ ची. जमिनीवर विश्रांतीनंतर ३.२० दाखवणारा तुमचा चौथा सेल उड्डाणात २.७२ च्या आसपास होता. लिथियम पॉलिमर सेलला ३ व्होल्टच्या खाली नेऊ नये हे आपण सर्व जाणतो. त्याच वेळी बाकीचे अकरा सेल ठीक होते, म्हणून बेरीज ४२.१ आली आणि पडद्यावरचा इशारा गप्प राहिला. वळणावर प्रवाह वाढला आणि तो एक सेल कोसळला.

उष्णतेचा हिशेबही करून पाहा. निरोगी सेलमध्ये त्या प्रवाहाला साडेनऊ वॅट उष्णता तयार होते, या सेलमध्ये ३८ वॅट. चारही बाजूंनी दाबून बसवलेल्या पाकिटात इतकी उष्णता साठली की इलेक्ट्रोलाइटचे (सेलमधील रसायनाचे) विघटन होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. फुगल्यावर रोध आणखी वाढतो आणि पुढच्या उड्डाणात तोच सेल अधिक तापतो.

याची सुरुवात कोठे झाली, याबद्दल माझे मत असे आहे की उन्हाळ्याने सर्व दहा बॅटऱ्यांचे थोडे थोडे नुकसान केले आणि सरमिसळीने त्यांतील दोघींचा बळी घेतला. ४.२ व्होल्टवर भरलेला सेल मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवणे म्हणजे त्याचे वय झपाट्याने वाढवणे. त्यानंतर कमी झालेल्या क्षमतेची बॅटरी दर वेळी नव्या, सशक्त जोडीदाराबरोबर लागली. सशक्त बॅटरी बेरीज वर उचलून धरते आणि अशक्त बॅटरी प्रत्येक उड्डाणात प्रमाणाबाहेर रिकामी होते. म्हणूनच तुमच्या शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर असे की जोडीतील एकच फुगते, कारण ती जोडी मुळात जोडीच नव्हती.

जनरेटरला मी दोष देणार नाही. दोन बॅटऱ्या २२ अँपिअरने चार्ज करायला अखेरच्या टप्प्यात सुमारे ११०० वॅट लागतात, चार्जरमधील हानी धरून आणखी थोडे. तुमचा जनरेटर २ केव्हीएचा किंवा मोठा असेल आणि चार्जर मध्येच बंद पडत नसेल, तर तो निर्दोष आहे.

बांधावरून

मी निफाडकडे द्राक्षबागांमध्ये फवारणी करतो, त्यामुळे गोणपाटाचा मोह मला चांगला ठाऊक आहे. कृपया तो करू नका. पाणी बॅटरीच्या वेष्टनावर थांबत नाही, ते बॅलन्स वायरच्या (चार्जरला प्रत्येक सेल वेगळा मोजता यावा म्हणून असलेल्या बारीक वायरच्या) पांढऱ्या पिनांपर्यंत झिरपते. तेथे शेजारशेजारच्या पिनांमध्ये पूर्ण सेलचे व्होल्टेज असते आणि गंजलेली एक पिन चार्जरला त्या सेलचा खोटा आकडा सांगते. माठ थंड राहतो तो सच्छिद्र असल्यामुळे. बॅटरीला तशी सच्छिद्रता आली तर आपल्यालाच पळावे लागेल, असे काकूंना माझ्या वतीने सांगा.

आम्ही बॅटऱ्या लिंबाच्या सावलीत, फळीवर, एकमेकींपासून चार बोटे अंतर ठेवून मांडतो आणि जनरेटरवरच एक टेबलफॅन लावतो. उतरल्यावर बॅटरी ५० अंशांच्या वर असू शकते. ती ४० च्या खाली आल्याशिवाय चार्जर लावायचा नाही. तापमापक नसेल तर तळहात सलग अर्धा मिनिट सहज टेकवता आला पाहिजे. यात वेळ जातो, हे खरे आहे. पाव भाग शिल्लक असलेली बॅटरी २२ अँपिअरने भरायला पाऊण तास, आणि सेल समान होईपर्यंत धरून जवळपास एक तास लागतो. तेव्हा पाच संच फिरवताना दुपारी एक खंड पडणारच, तो गृहीत धरूनच शेतकऱ्याला एकरांचा शब्द द्यावा. चार्जरवरची जलद चार्जिंगची सोय मी वापरतच नाही.

कनेक्टरही एकदा पाहून घ्या. जोडताना ठिणगी पडून सोनेरी पिन काळवंडलेली आणि खड्डे पडलेली असेल, तर तेथेही व्होल्ट गळतात.

रोध-विरोध

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. किंचित फुगलेली बॅटरी अर्ध्या टाकीला वापरू नका. रिकाम्या टाकीचा ड्रोनसुद्धा डोक्यावर पडला तर जड असतो, आणि तुमच्या गटातील महिला पाणी-औषध भरायला जवळच उभ्या असतात.

दोन्ही बॅटऱ्या निकामी ठरवा. चार्जरच्या डिस्चार्ज सोयीने, अंगणात, सिमेंटच्या जमिनीवर, आजूबाजूला काडीकचरा नसताना आणि समोर बसून त्या अगदी कमी प्रवाहाने रिकाम्या करा. वाळूची एक बादली जवळ असू द्या. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला मिळेल, पण त्यात बाहेरची टोके आधी गंजतात आणि आत भार तसाच उरू शकतो. वायू काढण्यासाठी टाचणी टोचण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर त्याला बॅटरीपासून दूर ठेवा. रिकाम्या केलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे ज्यांच्याकडून ड्रोन आला त्यांना लेखी कळवा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तुमची उत्तरे वाचून काल दिवसभर उरलेल्या आठही बॅटऱ्या मोजल्या. सर्व पूर्ण चार्ज करून, चार्जरवर एकसारख्या प्रवाहाने ३.६ व्होल्टपर्यंत रिकाम्या केल्या आणि प्रत्येकीतून किती अँपिअर-तास निघाले ते वहीत लिहिले. दोघींमधून १९ च्या वर निघाले, पाच बॅटऱ्या १७ ते १८ मध्ये आहेत आणि एक जेमतेम १४ वर थांबली. वरून ती एकदम सपाट आणि नवी कोरी दिसते, हे पाहून मला अधिक भीती वाटली.

जवळच्या आकड्यांच्या जोड्या लावून त्यांवर नेलपॉलिशने १अ, १ब असे क्रमांक घातले आहेत. तीन जोड्या झाल्या. सातवी एकटी उरली, ती जादा म्हणून ठेवली आहे. १४ वालीला मी ड्रोनवर चढवणार नाही. गटाच्या बैठकीत यावर नाराजी झाली, कारण कागदोपत्री दहा बॅटऱ्या आहेत आणि कामाला सहाच राहिल्या; परंतु मोडलेले पाते आणि वही दोन्ही समोर ठेवल्यावर विषय मिटला.

एक शंका उरते. इशारा ४२ वरून वाढवून ४३ करावा असे मनात आहे. शिवाय सेलचे व्होल्टेज दाखवून बोंबलणारा छोटा बझर बाजारात मिळतो, तो दोन्ही बॅटऱ्यांच्या बॅलन्स वायरला लावला तर उपयोग होईल का?

बांधावरून

४३ करा, काही हरकत नाही; एक-दोन मिनिटे कमी मिळतील, एवढेच. बझर आमच्याकडे आहे, पण पंख्यांच्या आणि पंपाच्या आवाजात तो शंभर मीटरवरून ऐकू येत नाही, म्हणून हवेत त्याच्यावर विसंबू नका. जमिनीवर मात्र तो कामाचा आहे. ड्रोन उतरला की दोन्ही बॅटऱ्यांना बझर लावून बाराही सेलचे आकडे वाचा, आणि कोणताही एक सेल इतरांपेक्षा ०.१ व्होल्टने मागे दिसला की ती जोडी त्या दिवसापुरती बाजूला ठेवा.

आणि यंदा हरभरा झाला की प्रत्येक बॅटरी २२.८ ते २३.१ व्होल्टवर आणून ठेवा. चार्जरमध्ये साठवणीची वेगळी सोय असते, ती हेच करते. पत्र्याच्या खोलीऐवजी माळवदाच्या खोलीत जमिनीलगत जागा असेल तर उत्तम, मात्र चुलीपासून आणि झोपण्याच्या जागेपासून दूर. महिन्यातून एकदा मोजून त्याच वहीत आकडे लिहीत जा.

मूळ प्रश्नकर्ती

माळवदाची खोली सासूबाईंची आहे. तेथे त्या झोपत नाहीत, फक्त ज्वारीच्या कणग्या आहेत. त्यांच्याशी बोलून एका कोपऱ्यात सिमेंटचा ओटा करून घेते.