मदत हवी आहे: एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) मुलांचं मानधन तासावर की नोंदीवर?

कोल्हापुरात जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याच्या संशोधन प्रकल्पावर एम.लिब.ची ४ मुलं आहेत, आठवड्याला प्रत्येकी १० तास. मानधन नोंदीमागे ठेवलं आणि घाई सुरू झाली. शीर्षकपृष्ठावरचं 'शके १८३५' मार्क या ग्रंथनोंदीच्या संगणकीय साच्यातल्या ००८ फील्डमध्ये, जिथे प्रकाशनवर्षही जातं, १८३५ असंच चढलं, इसवी सनासाठी ७८ मिळवायचे राहिले. वर्षानुसार शोधलं की पुस्तक सापडतच नाही. नमुना नोंद दिली, दर दहावी नोंद तपासली, तरी चुका राहतातच. परीक्षेच्या महिन्यात हात कमी पडतात ते वेगळंच. पूर्णवेळ सहायकाला निधी नाही, आणि मुलांना फुकट राबवायचं नाही हे पक्कं. तासावर मानधन देणाऱ्यांनी कृपया सांगावं: तासाला किती नोंदी धरता, आणि तपासणी मुलांनीच एकमेकांची करायची की वेगळ्या माणसाने?