शब्दचर्चा : पुरावा, प्रमाण, प्रचीती

प्रश्न

परवा माझे काका आणि मावसभाऊ यांची देवावरून जुंपली. काका म्हणाले, "मला पुरावा आहे. मी स्वतः अनुभवलंय." भाऊ म्हणाला, "ते तुमच्यापुरतं झालं. पुरावा म्हणजे मलाही दिसायला हवा." काका एकदम लाल झाले. "म्हणजे मी खोटं बोलतोय?" पुढचा तासभर देव बाजूलाच राहिला, खोटं कोण बोललं एवढंच चाललं होतं. मला वाटतं, दोघं एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होते. पुरावा, प्रमाण, साक्ष, प्रचीती यांत नेमका फरक काय?

प्रतिसाद

काकांचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. "मला पुरावा आहे." मराठीत आपण असं म्हणत नाही. पुरावा 'माझ्याकडे' असतो. 'मला' येते ती प्रचीती. काकांच्या तोंडून नाम पुराव्याचं निघालं, पण विभक्ती प्रचीतीची निघाली. त्यांना जे सांगायचं होतं ते त्या 'मला'मध्ये आहे.

सोबतची क्रियापदं पाहा. पुरावा देतात, मागतात, गोळा करतात, सादर करतात, नष्टही करतात. तो हातातून हातात जाणारा आहे. दुसऱ्याला तपासता येत नाही, त्याला पुरावा म्हणणं जड जातं. प्रचीती येते. 'प्रचीती दिली' असंही म्हणतात, पण तिथे देणारा कोण ते बघा : गायक आपल्या तयारीची प्रचीती देतो. ज्याच्याविषयी बोलणं आहे तोच ती देऊ शकतो. गायकाच्या तयारीची प्रचीती मी तुम्हाला नेऊन पोचवू शकत नाही. फार तर मला ती आली होती, एवढंच सांगू शकतो.

म्हणून प्रचीती हा मऊ, भाविक शब्द समजू नका. मूळ शब्द प्रतीती, आणि रामदासांनी तो फार कडक वापरला आहे. 'प्रचीतीवीण जें बोलणें, तें अवघेचि कंटाळवाणें' असं ते दासबोधात म्हणतात. ऐकीव बोलणाऱ्याला अडवण्यासाठी तिथे प्रचीती आणली आहे, शंका घेणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी नव्हे.

साक्षीबद्दल थोडं. साक्षी, साक्षात, साक्षात्कार, सगळ्यांत 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. साक्षीदार पाहतो आणि इतरांसमोर सांगतो, त्याची उलटतपासणी होते. साक्षात्कार ज्याला झाला त्याच्यापाशीच राहतो. काका बोलत होते साक्षात्काराचं आणि भावाने त्यांना साक्षीदार करून उभं केलं. 'पुरावा दे' हे मराठीत आरोपासारखं ऐकू येतं ते यामुळे.

दुसरा प्रतिसाद

प्रमाणाबद्दल लिहायलाच हवं, कारण या वादात सर्वांत जास्त घोळ तोच शब्द घालतो. आज प्रमाण म्हटलं की मिठाचं प्रमाण, प्रमाणभाषा, नाहीतर 'बाबा वाक्यं प्रमाणम्' आठवतं. शास्त्रातला अर्थ वेगळा आहे : यथार्थ ज्ञान मिळवायचं साधन. म्हणजे पुराव्याच्याही आधीचा प्रश्न. कोणत्या वाटेने आलेलं ज्ञान खरं मानायचं?

आपल्याकडे वाद घालणारे आधी हे ठरवून घेत. चार्वाकांना फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी कळलेलं, मान्य. बौद्धांना प्रत्यक्ष आणि अनुमान, म्हणजे खुणेवरून काढलेला निष्कर्ष. सांख्यांनी त्यात शब्द, म्हणजे आप्तवचन, धरलं. नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, चार, उपमान (साम्यावरून होणारं ज्ञान) धरून. एकाला शब्द प्रमाण आणि दुसऱ्याला तो अमान्य असेल, तर ग्रंथातलं वचन तोंडावर फेकून काही होत नाही, हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत असे. आजच्या वादांत मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. प्रमाणं न ठरवता थेट पुराव्यावर येतात.

उदयनाचार्यांचं उदाहरण घ्या. दहाव्या शतकातले नैयायिक, न्यायकुसुमांजलीचे कर्ते. ईश्वर मानत नसलेल्यांशी वाद घालताना ते अनुमान मांडतात. घडा हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार आहे. जगही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता हवा. या धाटणीच्या युक्तिवादावर बौद्धांची हरकत आधीच येऊन गेली होती. सातव्या शतकातले धर्मकीर्ती म्हणतात, नुसता मातीचा आकार पाहून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल! दोघांचाही भर अनुमानावर. म्हणून तो वाद झाला, भांडण नाही.

प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. एक शंका. भाऊ शेवटी म्हणाला, "पुरावा नाही, म्हणजे देव नाही." हे बरोबर आहे का?

पहिला प्रतिसादक

नाही. आणि यावर एक भाष्य मला फार आवडतं. सांख्यसूत्रांत 'ईश्वरासिद्धेः' असं सूत्र आहे, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. त्या सूत्रांचे भाष्यकार विज्ञानभिक्षू त्यावर लिहितात की ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर सूत्रकाराने 'ईश्वराभावात्' म्हटलं असतं. असिद्ध आणि अभाव यांत एवढं अंतर आहे. भावाने त्या दोन शब्दांच्या मधलं अंतर एका 'म्हणजे'मध्ये ओलांडलं.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि ख्रिस्ती धर्मगुरू फादर कोपल्स्टन यांचा देवाच्या अस्तित्वावरचा वाद १९४८ मध्ये बीबीसीवर झाला. देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुम्ही म्हणता का, असं सुरुवातीलाच विचारल्यावर रसेल नाही म्हणाले, आपली भूमिका अज्ञेयवादी असल्याचं त्यांनी सांगितलं. 'ॲग्नॉस्टिक' हा मूळ इंग्रजी शब्द जीवशास्त्रज्ञ हक्सले यांनी १८६९ मध्ये घडवला. आपला 'अज्ञेय' मात्र जरा ताणलेला आहे : अज्ञात म्हणजे अजून न कळलेलं, अज्ञेय म्हणजे कळूच न शकणारं. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणणाऱ्यालाही आपण अज्ञेयवादी म्हणतो, ते थोडं अन्यायाचं आहे.

'नास्तिक' तर आणखी सैल. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' आहे, तिथे निकष वेद हा आहे, देव नव्हे. त्या मापाने वेद प्रमाण मानणारे, पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिक ठरतात. देव न मानणाऱ्यासाठी निरीश्वरवादी हा नेमका शब्द आहे, तो वापरावा.

आणि 'मानणे' हेच क्रियापद बघा. गणितात क्ष मानतो, गुरूला मानतो, एखाद्याला भाऊ मानतो. मानलेला भाऊ सख्खा नसतो हे दोघांनाही ठाऊक असतं, तरी नातं खरं असतं. 'मी देव मानत नाही' याचा अर्थ 'तो आहे असं मला पटत नाही' की 'त्याची पत्रास बाळगत नाही'? बोलणारा पहिला अर्थ योजतो, ऐकणाऱ्याला दुसरा लागतो. 'देव आहे असं मला वाटत नाही' म्हटलं तर निम्मं तापमान उतरतं.

प्रश्नकर्ता

काकांना हे वाचून दाखवलं. प्रचीती हा शब्द त्यांना नको आहे. म्हणाले, "प्रचीती म्हटलं की तुम्ही देवाला माझ्या खोलीत कोंडून ठेवता. तो माझ्यापुरता नाहीये. सगळ्यांसाठी आहे, असंच मी म्हणतोय."

पहिला प्रतिसादक

मग काकांचं बरोबर आहे, आणि माझी वरची दुरुस्ती अपुरी होती. ते स्वतःबद्दल नाही, जगाबद्दल विधान करत आहेत. तसं असेल तर त्यांनी 'पुरावा' हाच शब्द धरावा. फक्त 'मला' ऐवजी 'माझ्याकडे' म्हणावं, आणि भावाला तो हातात घेऊन उलटसुलट करून बघू द्यावा.