युवा शिबिर: पुण्याजवळ डोंगर, सेवा आणि बायबल-अभ्यास एकत्र कसं जमवावं?

तरुणसंघ_खडकी

जय ख्रिस्त. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाचं तीन दिवसांचं शिबिर न्यायचं ठरतंय. मुलं-मुली मिळून पंचवीसेक, वय चौदा ते वीस. एरवी हॉलमध्ये व्याख्यानं होतात, संध्याकाळी भजनं होतात आणि मुलं घरी जातात. यंदा त्यांनी चालावं, हातांनी काही काम करावं आणि विश्वासाबद्दल मनात असलेले प्रश्न मोकळेपणी बोलावेत असं वाटतं. पाळकसाहेब तयार आहेत, पालक थोडे धास्तावलेत. कमिटीतल्या काहींचा आग्रह आहे की मिशन म्हटलं की कपडे-खाऊ घेऊन एखाद्या वाडीवर जायचं आणि धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय, हे नीट मांडता येत नाहीये. बस परवडणार नाही. जाणकारांनी सांगावं.

डोंगरवाटा

मी ख्रिस्ती नाही, पण कॉलेजच्या मुलांना घेऊन बरीच वर्षं डोंगरात जातोय, त्यामुळे जागेबद्दल सांगतो. लोहगड. खडकीहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, भाजे गावातून पायवाटेने वर चढा. गायमुख खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. नवख्या मुलांना रमतगमत लोहगडवाडीपर्यंत दोन-अडीच तास लागतील. वाडीत घरगुती जेवण आणि मुक्काम मिळतो. मुलींची राहायची सोय आधी स्वतः जाऊन बघून या. गडावर तंबू टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, अंधार पडायच्या आत खाली यावंच लागतं. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक आहे, हेही मुलांना सांगा.

दिवाळीची वेळ चांगली निवडलीत. पावसाळ्यात मी एवढ्या मुलांना नेऊच दिलं नसतं. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पालकांच्या डोक्यात अजून आहे आणि असायलाच हवं. म्हणून पालकसभेत आधीच सांगा की कुठल्याही धरणात, तळ्यात, टाक्यात कोणी उतरणार नाही. रॅपलिंग किंवा झिपलाइन करायची असेल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली ज्यांची नोंदणी आहे त्यांच्याकडेच करा, आणि प्रमाणपत्र बघायला मागा.

केडगावची_लेक

दादा, सेवेचं मी सांगते. पहिला दिवस केडगावला द्या. पुणे-दौंड गाडीने जाता येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे आणि आजही तिथे निराधार स्त्रिया आणि मुलं राहतात.

तुमच्या कमिटीला वाटायचं आहे. मला वाटतं, या वयाच्या मुलांना आधी घ्यायला शिकवावं. रमाबाईंचं आयुष्य पायी चालून घडलं. 1858 मध्ये गंगामूळच्या जंगलात जन्म, मग आईवडिलांबरोबर वर्षानुवर्षं तीर्थयात्रा, 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, त्यानंतर भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि त्या देशभर चालत राहिल्या. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात झोपल्या आणि वरून वाळू ओढून घेतली. चौदा वर्षांच्या मुलीला हे सांगा आणि दुसऱ्या दिवशी तिला लोहगड चढू द्या, तुम्हाला वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी मंडळीत फारशी सांगितली जात नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि तो सापडायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आपली बहुतेक मुलं बाळपणी बाप्तिस्मा झालेली, घरात प्रार्थना ऐकत वाढलेली. सतराव्या-अठराव्या वर्षी प्रश्न पडायला लागतात आणि वाटतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. एवढ्या मोठ्या बाईलाही वर्षं लागली, हे कळलं की ती बोलू लागतात. मी हे होताना पाहिलंय. म्हणून केडगावच्या दिवशी संध्याकाळी गोल बसवून फक्त हीच गोष्ट सांगा आणि गप्प बसा. उत्तरं द्यायची घाई करू नका.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, त्यातून मुक्ती उभी राहिली. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्याचे छपाईचे खिळे जुळवले, पानं छापली ती तिथल्या स्त्रियांनी. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. कमिटीला विचारा, या बायकांना त्या वेळी कोणी नुसते जुने कपडे वाटले असते तर?

जायच्या आधी पत्र लिहून परवानगी घ्या आणि तुम्हाला काय द्यायचंय ते न सांगता त्यांना काय हवंय ते विचारा. अंगण झाडायला सांगितलं तर झाडा, शेतात खुरपायला सांगितलं तर खुरपा. तिथल्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसवर टाकायचे नाहीत. मोबाइल त्या दिवशी पिशवीतच.

तरुणसंघ_खडकी

ताई, हे वाचून मलाच हुरूप आला. कमिटीपुढे हेच मांडतो. आणखी दोन शंका. चढताना आणि गडावर कोणते शास्त्रभाग घ्यावेत? आणि दोन मुलांचे कॉलेजचे मित्र यायचं म्हणतायत, ते हिंदू आहेत. घ्यावं का?

रविवारशाळा_ताई

शास्त्रभाग कमी घ्या. दोन पुरेत.

भाज्याहून निघताना लूक 24, अम्माऊस गावाची वाट. दोघे शिष्य खिन्न होऊन चाललेत, येशू बाजूने चालू लागतो आणि आधी काय विचारतो, तर तुम्ही कशाबद्दल बोलताय? आधी त्यांचं सगळं ऐकून घेतो, अगदी 'आम्हाला आशा होती' इथपर्यंत, आणि मगच बोलतो. मुलांना दोघा-दोघांत चालवा. खिंडीपर्यंत एकाने बोलायचं, खिंडीपासून वाडीपर्यंत दुसऱ्याने. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. जोड्या तुम्ही लावा, नाहीतर नेहमीचे मित्रच एकत्र येतात आणि एकटी पडणारी मुलगी एकटीच राहते.

गडावर 1 राजे 19. संदेष्टा एलीया इतका थकलाय की मरण मागतोय. देव त्याला रागवत नाही, उपदेशही करत नाही. निखाऱ्यावरची भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, आणि हे दोनदा. मग होरेब डोंगर. वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी तो मंद आवाज. म्हणून आधी पोटभर जेवू घाला. मग विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या लांबट सोंडेच्या अलीकडे, मोकळ्या जागेत, प्रत्येकाला थोडं दूर-दूर बसवून अर्धा तास शांत राहू द्या. एलीयाला विचारलेला प्रश्न द्या: तू इथे काय करतोस? वहीत लिहायचं, कोणाला दाखवायची सक्ती नाही. बारावीच्या मुलांना मार्कांच्या ओझ्याखाली मी एलीयासारखं बसलेलं पाहते, त्यांच्यासाठी हा भाग आवर्जून घ्या.

मित्रांना जरूर घ्या, पण त्यांच्या आईवडिलांना स्वतः भेटून सांगा की इथे प्रार्थना होतील, बायबल वाचलं जाईल, आणि त्यांच्या मुलांवर कसलीही जबरदस्ती होणार नाही. त्यांची लेखी संमती घ्या. प्रार्थनेच्या वेळी त्यांना बसायचं असेल तर बसू द्या, नसेल तर वाडीत फेरफटका मारायला एक मोठा माणूस सोबत द्या. पत्रिका नेऊच नका. लोहगडावर दर्गा आहे, खाली बौद्ध लेणी आहेत, वाटेत लोकांची देवस्थानं आहेत. पाहुण्यासारखं वागा.

डोंगरवाटा

ताईंचा अर्धा तास शांततेचा बेत आवडला. एक भर: कड्यापासून आत बसवा आणि प्रत्येक पाच मुलांमागे एक मोठा माणूस ठेवा. गडांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर, स्पीकर नको. गिटार वाडीतच ठेवा. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी आणि शिट्टी. परतीच्या लोकलचं वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघा, मळवलीला दुपारी गाड्या कमी असतात.

तरुणसंघ_खडकी

सगळं लिहून घेतलं. केडगावला पत्र उद्या पाठवतो, पालकसभा रविवारी उपासनेनंतर ठेवलीय. वाडीची जागा बघायला पुढच्या शनिवारी आम्ही चौघं जातोय, त्यात दोन आया आहेत. डोंगरवाटा दादा, तुम्हाला जमत असेल तर सोबत या, मळवली स्टेशनवर सकाळी आठला भेटू.