'मिस मार्व्हल'मधली फाळणी आणि आपापल्या घरांतल्या आठवणी

'मिस मार्व्हल' या सुपरहिरो मालिकेचा पाचवा भाग जुलै २०२२ मध्ये आला. जर्सी सिटीत वाढलेली कमला खान पणजीच्या जादुई कड्यामुळे १९४७ च्या एका रेल्वे स्थानकावर जाऊन पोहोचते. पाकिस्तानकडे निघालेली शेवटची गाडी पकडण्यासाठी तिथे झुंबड उडालेली असते आणि त्या गर्दीत कमलाची नानी सना, जी तेव्हा अगदी लहान आहे, वडिलांपासून दुरावते. ताऱ्यांच्या वाटेने सना वडिलांकडे परतली, ही गोष्ट त्या घरात वर्षानुवर्षे सांगितली जात होती. ती वाट खुद्द तिच्या नातीने उजळली होती, हे इथे उलगडते. एवढी सारी अद्भुत शक्ती एका मुलीला बापाच्या हाती सोपवण्यासाठी खर्च व्हावी, हे मला या भागाचे सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते. तो पाहिल्यावर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी काही बोलणे झाले असेल, तर सविस्तर लिहावे, ही विनंती.

उल्हासनगरहून

आमचे कुटुंब सिंधी, माझी शाळा मराठी. हा भाग मी दादीसोबत पाहिला. स्थानकाचे दृश्य सुरू असताना ती म्हणाली, "आम्ही गाडीने नाही, जहाजाने आलो." पंजाब आणि बंगालसारखी सिंधच्या मधून रेषा गेली नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला, आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळल्यावर हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने बंदराकडे निघाली. मुंबईत उतरलेल्या हजारो लोकांना कल्याणजवळ, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या बराकींत ठेवण्यात आले. तीच छावणी १९४९ मध्ये उल्हासनगर झाली, आणि आजही आम्ही पत्ता सांगताना आधी कॅम्पचा क्रमांक सांगतो. एवढा इतिहास मला ठाऊक होता. जहाजावर चढताना आईने दादीचे मनगट स्वतःच्या ओढणीला बांधून घेतले होते आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावरही ती गाठ सोडू दिली नव्हती, हे मात्र मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. माझ्या वडिलांनाही ते माहीत नव्हते. दादीचे बोलणे मी आता ध्वनिमुद्रित करते आहे, सिंधीतच.

पुण्याहून

आमचे पणजोबा कराचीत नोकरीला होते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, त्यामुळे सरकारी कचेऱ्या आणि शाळांमध्ये मराठी माणसे होती; तिथल्या एका जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. कमला नानीच्या हाती तिच्या आईचे छायाचित्र देते, त्या प्रसंगाने मला फार अस्वस्थ केले. आमच्याकडे कराचीतले छायाचित्र आहे, पण त्यातल्या माणसांची नावे सांगणारे कुणी उरलेले नाही.

न्यू जर्सीहून

कमलाच्या मागे लागलेल्या नज्माचे मनपरिवर्तन फारच घाईने उरकले आहे, आणि एवढ्या मोठ्या उलथापालथीला एक भाग अपुरा पडतो, हे नोंदवायला हवे. सनाचे आई-वडील आयेशा आणि हसन यांचा संसार मात्र मनापासून रंगवला आहे. १९४२ मध्ये गावकऱ्यांसमोर इंग्रजांविरुद्ध बोलणारा हसन, ज्या स्वातंत्र्यासाठी बोलत होता ते मिळताच बायको-मुलीला घेऊन गाव सोडतो, हे माझ्या मुलीला काही केल्या पटेना. तेव्हा मी तिला भारत-पाकिस्तानची सीमा ठरवणारी रॅडक्लिफची रेषा समजावून सांगितली, आणि ती स्वातंत्र्यानंतर, १७ ऑगस्टला जाहीर झाली, हेही सांगितले. तिने लगेच विचारले, "मग मधले दोन दिवस सीमेजवळच्या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत, हे कसे कळले?" माझ्या एका सहकाऱ्याचे आजोबा जालंधरहून लाहोरला गेले होते. त्याच्याशी या विषयावर मी आजवर कधीच बोललो नव्हतो. मुलीचा प्रश्न घेऊन मी आता त्याच्याकडे जाणार आहे.