मदत हवी आहे: बाळाच्या सामानाची यादी (वन बीएचके, ऐन पावसाळा, ८३ ओळींचं एक्सेल)

भांडुपची_चिमणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तिसावा आठवडा चालू आहे, तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. पहिलंच बाळंतपण. राहायला भांडुपला, घरात मी, नवरा आणि सासूबाई. माहेर गिरगावात, पण तिथे चाळीत दीड खोली आणि तिसरा मजला, म्हणून आईच इकडे येणार आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये या वन बीएचकेत चार मोठी माणसं, एक बाळ आणि सकाळी मालिशवाल्या मावशी.

भानगड सुरू झाली ती वहिनीच्या फोनने. भाऊ-वहिनी न्यू जर्सीला असतात. "रजिस्ट्री कर आणि लिंक पाठव" म्हणाली. तिकडे म्हणे बाळ व्हायच्या आधीच आईबाप हव्या त्या वस्तूंची यादी दुकानाच्या साइटवर लावतात. ज्याला जे द्यायचं ते तो त्यातून घेतो, आणि घेतलं की त्यावर खूण होते, म्हणजे तीच वस्तू दोघांकडून यायला नको. मला कल्पना आवडली. आमच्या लग्नात सात लेमन सेट आले होते, त्यातले चार अजून माळ्यावर आहेत.

मग एका रात्री बसले आणि इंटरनेटवरच्या तीन याद्या एकत्र केल्या. ८३ ओळी झाल्या! त्यात ओले वाइप्स गरम करायचं यंत्र आहे. मुंबईत. आमच्याकडे मे महिन्यात नळालाच गरम पाणी येतं. डायपरसाठी वेगळी कचरापेटी, तीन प्रकारचे पंप, स्ट्रोलर. भांडुप स्टेशनच्या रस्त्याने स्ट्रोलर ढकलत नेणारं कुणी पाहिलं असेल तर कृपया कळवा. रात्री दीड वाजता टेप घेऊन बेडरूम मोजत होते. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये २६ इंच, आणि कपाटाचं दार उघडलं की उरतात ९. नवरा जागा झाला, "काय हरवलंय?" म्हणाला, आणि मला एकदम रडूच आलं.

दुसरीकडे सासूबाई. त्यांचं म्हणणं, बाळाचं काही आधी घरात आणायचं नाही, टोपरंसुद्धा नाही. एरवी त्या अजिबात सोवळ्या-ओवळ्यातल्या नाहीत. पण त्यांचं पहिलं मूल राहिलं नव्हतं, हे मला नवऱ्याकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. त्यामुळे या बाबतीत मला वाद घालायचाच नाहीये.

आणि पुढच्या रविवारी डोहाळजेवण. चाळीस माणसं, प्रत्येक जण विचारणार "काय आणू?" ऑफिसच्या ग्रुपवर तर धमकीच आली आहे: सांग, नाहीतर मोठा टेडी आणतो. त्या टेडीला मी ९ इंचांत कुठे बसवू?

तर सांगा, पहिल्या महिन्या-दीड महिन्यात खरोखर काय लागतं? पावसात लंगोट वाळत नाहीत, मग किती हवेत? आणि मागितल्यासारखं न वाटता लोकांना यादी द्यायची कशी? "हे आणा" म्हणताना माझी तर जीभच अडखळते.

पार्ल्याची_काकू

अगं, रजिस्ट्री कसली, आपल्याकडे बाळंतविडा असतो की! झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट, गोधडी, वाळे, आणि बाळंतिणीसाठी डिंक-खारीक-हळीव. आमच्या वेळी मामी, मावशी, आत्या आधी आपापसात बोलून घ्यायच्या, कोण काय करणार ते. तुझ्या वहिनीची लिंक तेच करते, फक्त तिला कुणी हळदीकुंकू लावत नाही.

सासूबाईंचंही सोपं आहे. पहिले कपडे नवे घालायचेच नसतात, दुसऱ्या धडधाकट बाळाचे उष्टे घालायचे. ते डिलिव्हरीच्या दिवशी येऊ देत. आणि दुपटी-लंगोट घरातल्या जुन्या सुती साड्यांचे करायचे. ते काही 'आणणं' नव्हे. त्यांनाच सांग करायला.

दोन_पोरांचा_बाप

दोन्ही पोरं जुलैची, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो. दिवसाला दहा-बारा लंगोट धरा. ऐन पावसात वाळायला दोन दिवस लागतात आणि वाळले तरी कुबट वास येतो. म्हणजे ३६ तरी हवेत. झबली आठ-दहा, समोरून बंदाची. डोक्यातून घालायची नकोत, मान धरत नाही तोवर हात थरथरतात. दुपटी आठ, ड्राय शीट तीन. कापड विकतच घ्यायचं झालं तर हिंदमाता किंवा मंगलदास मार्केटला मलमलचा तागा घ्या आणि हेम मारून आणा. न्यूबॉर्न डायपरचा साठा करू नका, ते साधारण पाच किलोपर्यंतच चालतात आणि पोरं बघता बघता वाढतात. आमची दोन पाकिटं शेजाऱ्यांच्या नातवाला गेली.

आता खरी भेटवस्तू सांगतो: छताला लावायचा पुलीवाला कपडे वाळवायचा स्टँड. खालची जागा जात नाही आणि पंख्याखाली रात्रभर वाळतं. उरलेली दमट इस्त्रीने जाते. ऑफिसवाल्यांना टेडीऐवजी हे सांगा. वॉकर कुणी देऊ लागलं तर हात जोडा. पोरं त्यात पडतात, कॅनडाने तर २००४ पासून विक्रीच बंद केली आहे.

रात्रपाळी_सिस्टर

मी नवजात विभागात काम करते, म्हणून थोडं टोचून लिहिते. मोहरीची उशी, तक्क्या, पाळण्याच्या कडेने लावायच्या गाद्या, सगळं यादीतून काढ. बाळ उताणं, सपाट आणि कडक गादीवर, आजूबाजूला काही मऊ नाही. बाटल्या आणि डब्याचं दूधही नको. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने या वस्तूंची जाहिरात करायला, त्यावर फुकट काही द्यायला बंदी आहे, ती उगाच नाही. पहिले सहा महिने अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध वर्षभर नाही, जिभेला लावण्यापुरताही नाही.

पंपही आधी घेऊ नकोस, गरज पडली तर तेव्हा बघ. कधीकधी दूध उतरायला वेळ लागतो, त्याने घाबरायचं नाही. सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. आजारी किंवा कमी दिवसांच्या बाळांना तिथलं दूध मिळतं. स्वतःची गाडी असेल तर कार सीट ही एकच मोठी वस्तू मी घेईन.

कट्ट्यावरचा

पण डोहाळजेवणाला यादी वाटायची म्हणजे जरा निर्लज्जपणाच नाही का? माणसं आशीर्वाद द्यायला येतात.

पार्ल्याची_काकू

आशीर्वाद द्यायला येतात आणि सोबत कृत्रिम धाग्याचा लेस लावलेला फ्रॉक घेऊन येतात. बाळाला घामोळं आलं की तो आशीर्वाद कपाटात जातो. विचारलं तरच सांगायचं, इतकंच.

भांडुपची_चिमणी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय काय झालं ते सांगते.

काल दुपारी सासूबाईंना विचारलं, "आई, जुनी एखादी सुती साडी आहे का, दुपट्यांना?" काही बोलल्या नाहीत. नवऱ्याला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. लेमन सेट सरकवून ती निघाली. आत त्यांच्या सासूबाईंची दोन नऊवारी लुगडी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. काठ आधी कात्रीने कापून काढले, मग कडेला एक छोटी चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढलं. टर्रर्र करून सरळ रेषेत फाटलं, धागासुद्धा वाकडा नाही. संध्याकाळपर्यंत चौदा दुपटी आणि लंगोटांची चळत. आधी काही आणायचं नाही म्हणणाऱ्या बाई रात्री अकरापर्यंत मशीनवर कडा मारत होत्या. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

८३ च्या १४ ओळी केल्या. शेवटच्या रकान्यात नावं. ती यादी माझ्याकडे नाही, वन्संकडे आहे. मला कुणी विचारलं की "वन्संना विचारा" एवढंच म्हणते, त्यांची जीभ कधी कुणापुढे अडखळलेली नाही. सगळं बारशालाच द्यायचं, आधी कुणी घरी आणायचं नाही, हेही त्याच सांगतात. ऑफिसकडून पुलीचा स्टँड. मामेबहिणीकडून उष्टी झबली. वहिनी डिसेंबरात येणार आहे, तिला सहा महिन्यांपुढचे कपडे आणि रंगीत पुस्तकं सांगितली. गाडी नाही, त्यामुळे कार सीट कटली. आईच्या दोन मैत्रिणी बाळंतिणीसाठी दर बुधवारी डबा देणार आहेत. ८३ ओळींत हे कुठेच नव्हतं.

एकच ओळ मोकळी आहे, पाळणा.

मुलुंडकर_आजोबा

आमच्याकडे सागवानी पाळणा आहे, नातू आता शाळेत जातो. कड्या भक्कम आहेत, पण छताला हुक लागेल. घेऊन जा, पैसे नकोत. फक्त आमच्या सौ.चं एक म्हणणं आहे, रिकामा पाळणा हलवायचा नाही.

भांडुपची_चिमणी

आजोबा, हुक आहे, जुन्या मालकांनी झोपाळ्यासाठी लावलेला. मिस्त्रीला दाखवून घेते. पण मुलुंडहून भांडुपला टेम्पोने आणायचा म्हणजे एलबीएस रोडच्या खड्ड्यांतून तो हलणारच की. ते चालतं का, सासूबाईंना विचारून सांगते.