चेस्ट फ्रीझरचा कीझर करायचाय: भोकं कुठे पाडू, प्रोब कुठे ठेवू?

जर्सीचा_बुधला
नवा ७ घनफुटांचा चेस्ट फ्रीझर घेतलाय, न्यू जर्सीतल्या गॅरेजमध्ये राहील. घरच्या बिअरचे ५ गॅलनचे चार बॉल लॉक केग (स्टीलची पिंपं) आणि ५ पौंडांचा सीओटू सिलिंडर आत बसवून कीझर, म्हणजे नळातून थंड बिअर देणारा फ्रीझर, करायचा बेत आहे. नळ तीन.

सुतारकाम टाळावं म्हणून फ्रीझरच्या पुढच्या पत्र्यालाच भोकं पाडून नळ लावायचे, असं डोक्यात आहे. चालेल ना? दुसरं म्हणजे, थर्मोस्टॅट सगळ्यात कमी थंडीवर ठेवला तरी आत १५-२० अंश फॅरनहाइट दिसतं. एवढ्यात बिअरचा गोळा होईल. बाहेरून लावायचा तापमान कंट्रोलर घेतला तर त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) हवेत सोडायचा की पाण्यात? आणि केगपासून नळापर्यंत नळी किती फूट लागेल? दुकानवाले ५ फूट म्हणतात.

सुतारपक्षी
आधी ड्रिल खाली ठेवा! चेस्ट फ्रीझरला मागे काळी जाळी दिसत नाही, ती का नाही याचा विचार करा. गरम नळी बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते आणि थंड नळी आतल्या पत्र्यामागे. मध्ये पफ, म्हणजे थंडी धरून ठेवणारा फोम. फ्रीझर चालू असताना बाहेरून हात लावा, बाजू कोमट लागतात त्या त्यामुळेच. एक भोक चुकलं की गॅस गेला, फ्रीझर भंगारात. शिवाय आतल्या लेबलवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा.

म्हणून कॉलर. झाकण आणि फ्रीझर यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवायची आणि सगळी भोकं तिलाच पाडायची. नळांसाठी पुढून, कंट्रोलरच्या वायरीसाठी मागून. टू बाय एट फळी घ्या. नावाला २ बाय ८, प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वासात इंच रुंद मिळते. मोजमाप करताना नाव नाही, टेप बघायचा.

फळी कापायच्या आधी पुठ्ठ्याच्या ९ इंची चकत्या कापून फ्रीझरच्या तळाशी मांडून बघा. बॉल लॉक केगचा व्यास साडेआठ इंचांच्या आसपास आणि उंची साधारण २५ इंच. वर डिस्कनेक्ट (केगला नळी जोडणारी टोपी) आणि नळीच्या वळणाला आणखी तीन इंच सोडा. ७ घनफुटांत बहुधा तीन केग तळाशी आणि सिलिंडर कॉम्प्रेसरच्या ओट्यावर (आतल्या उंचवट्यावर), असं जमतं. चौथा केग ओट्यावर चढवायचा तर कॉलरची उंची पुरेल का ते मोजा, आणि मग सिलिंडर बाहेर काढायची तयारी ठेवा.

चौकट फ्रीझरच्या काठाच्या बाहेरच्या मापाची. कोपरे गोंद आणि ३ इंची स्क्रूने जोडा, दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच काटकोन. वरची कड रंध्याने सपाट करा, कारण झाकणाचं मूळ गॅस्केट तिच्यावर बसणार आहे. लाकडाला सगळीकडून पॉलियुरेथेनचे तीन हात, फळीच्या कापलेल्या टोकांना जास्तच. दमट हवेत बुरशी तिथूनच सुरू होते. खाली सिलिकोनची अखंड रेघ मारून चौकट काठावर ठेवा आणि २४ तास हलवू नका. फ्रीझरच्या पत्र्यात एकही स्क्रू जात नाही.

बिजागरी काढताना झाकण पूर्ण उघडं ठेवून काढा. मिटलेल्या झाकणाच्या बिजागरीत स्प्रिंग ताणलेली असते, स्क्रू सुटला की हातावर फटका बसतो. मग तीच बिजागरी कॉलरच्या मागच्या फळीला लावा.

कॉलर झाकणाला जोडावी की धडाला, यावर लोक भांडत बसतात. माझं मत धडाला. झाकण हलकं राहतं, नळ जागचे हलत नाहीत. तोटा एकच: भरलेला केग ५० पौंडांच्या वर जातो आणि तो सात इंच जास्त उचलून आत सोडावा लागतो. पाठीचं दुखणं असेल तर झाकणाला जोडा.

नळांची भोकं ७/८ इंची, एकमेकांपासून मध्य ते मध्य ४ इंच. शँक (नळाचा कॉलरमधून आरपार जाणारा पोकळ दांडा) ४ आणि १/८ इंच लांबीचा. आतून १ इंच जाडीचा गुलाबी फोमबोर्ड लावाल, तेव्हा नटभोवती ३ इंचांचा गोल कापून फोम काढा आणि नट थेट लाकडावर आवळा. फोमवर आवळलेला नट महिन्याभरात सैल होतो आणि नळ ओढला की शँकच फिरतो.

थंडोबा
कंट्रोलरचं सांगतो. इंकबर्ड आयटीसी-३०८ घ्या, प्लग लावायचा, वायरिंग नाही. फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट मध्यावर ठेवायचा, चालू-बंद हा करेल. ३८ अंशांवर (३.३ सेल्सियस) लावा, फरक २ अंश, कॉम्प्रेसरची विश्रांती किमान ५ मिनिटं. विश्रांती कमी ठेवली तर दाब उतरण्याआधीच कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, हुंकारतो आणि बंद पडतो.

प्रोब हवेतही नको आणि मोकळ्या पाण्यात तर नकोच. हवेत सोडला की झाकण उघडलं रे उघडलं, कॉम्प्रेसर धावत सुटतो. केगच्या पोटाला, अर्ध्या उंचीवर, टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा बांधा. म्हणजे तो बिअरचं तापमान वाचतो. मात्र तो केग रिकामा झाला की प्रोब दुसऱ्यावर हलवा. हे विसरल्यावर "अचानक गोठली" अशा तक्रारी येतात. ५ टक्क्यांची बिअर २८ अंशांच्या आसपास गोठते, म्हणजे ३८ वरून फार लांब नाही.

फ्रीझर बंद झाल्यावरही भिंती थंडच असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी तापमान ३४-३५ पर्यंत घसरेल. घाबरून सेटिंग चाळवू नका.

तळाशी १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा, वरच्या दिशेने फुंकणारा. थंड हवा खाली बसते, वर नळांपाशी १० अंशांपर्यंत फरक पडतो. पंखा नसेल तर पहिला ग्लास निम्मा फेस. दमटपणासाठी पुन्हा तापवता येणारं सिलिका जेल ठेवा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे स्वस्त पडतात, पण त्यांचं खारं पाणी सांडलं की पत्रा गंजतो.

जर्सीच्या जानेवारीत गॅरेज गोठणबिंदूखाली जातं. कंट्रोलरच्या हीटिंगच्या खोबणीत कमी वॅटचा उबदार पट्टा लावून तो केगभोवती गुंडाळा. बल्ब नको, प्रकाशाने बिअरला वास येतो. गॅरेजमधलं सॉकेट जीएफसीआय (वीज गळली की आपोआप बंद होणारं) असेल तर ते ट्रिप झालं की कळतही नाही. तापमान वाढल्याचा अलार्म लावून ठेवा.

गळती_पारखी
वरच्या दोघांनी छान लिहिलंय. मी गॅसकडे वळतो, कारण पैसे खरे तिथेच उडतात.

साधं गणित: ५ गॅलनला कार्बोनेशन आणि ओढणं मिळून साधारण ०.३ ते ०.४ पौंड सीओटू जातो. म्हणजे ५ पौंडांत १२ केग सहज. दोन केगांत सिलिंडर संपला तर गळती आहे, दुकानदाराने कमी भरला असं नाही.

रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये वॉशर लागतो, दर वेळी नवा. केगचं झाकण बंद केल्यावर आधी ३० पीएसआय (दाबाचं माप) देऊन ओ रिंग बसवा, मग दाब कमी करा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. रात्रभराची चाचणी करायची तर केग न जोडता करा: लाइनमध्ये दाब भरा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सकाळी काटा बघा. नव्या बिअरचा केग जोडून ही चाचणी केली तर बिअर गॅस पिते, काटा खाली येतो आणि नसलेली गळती शोधत दिवस जातो.

तसंच मोठ्या दाबाचा काटा. बाहेर ७० अंशांना ८५० पीएसआय दाखवणारा सिलिंडर कीझरमध्ये ठेवल्यावर ५५० च्या आसपास येतो. गॅस गेला नाही, फक्त थंड झाला. किती उरलाय हे वजनकाट्यावर बघायचं.

राखाडी डिस्कनेक्ट गॅसचा, काळा बिअरचा. उलटे दाबून बसवले तर निघत नाहीत आणि पोस्ट (केगवरची डिस्कनेक्ट बसायची तोटी) खराब होतो.

३८ अंशांना १२ पीएसआय लावून दहा ते चौदा दिवस सोडा, साधारण अडीच व्हॉल्यूम्स (बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट सीओटू) मिळतात. घाई असेल तर ३० पीएसआय एक दिवस, मग दाब सोडून १२. केग हलवून करणारे बरेचदा जास्त भरतात आणि नळीला दोष देतात.

नळीचं: ३/१६ इंची व्हिनाइल असेल तर ५ फूट विसरा, १० फूट घ्या. कापता येते, वाढवता येत नाही. ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची इव्हाबॅरिअर घेतली तर ५-६ फूट पुरते, वळणदार भेंडोळं कमी.

आणि झाकण उघडल्याबरोबर डोकं आत घालू नका. गळती असेल तर सीओटू तळाशी साचलेला असतो.

पेठेतला_सोडावाला
पुण्यात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं कायद्यात बसत नाही, पण याच सेटअपवर कोकम सोडा उत्तम होतो. डीप फ्रीझर तोच, कंट्रोलर २२० व्होल्टचा बघून घ्या. सोड्याला २५ ते ३० पीएसआय लागतो आणि नळी २० फुटांच्या वर, नाहीतर नळातून नुसता फवारा. गाळून घ्या, कोकमाचा चोथा पोस्टमधल्या पॉपेटमध्ये (छोट्या झडपेत) अडकतो. रंग आणि वास ओ रिंगला धरतो, तो केग कायम सरबताचाच ठेवा.

जर्सीचा_बुधला
मंडळी, भोकांचा बेत रद्द. कॉलरच करतो. एक शंका: पंखा, १० फूट नळी, १२ पीएसआय, एवढं सगळं असूनही पहिल्या ग्लासातच फेस आला तर काय बघायचं?

गळती_पारखी
नळ पूर्ण उघडताय का, ते आधी. अर्धवट उघडला की बिअर त्या फटीतून घुसळून निघते, फेस होणारच. मग नळीकडे बघा, तीत गॅसचे बुडबुडे दिसत असतील तर बिअरच्या पोस्टखालची ओ रिंग फाटली आहे, तिथून गॅस आत शिरतो. दोन्ही ठीक असेल आणि दुसरा ग्लास स्वच्छ येत असेल, तर दोष फक्त कोमट नळाचा. नळीचं भेंडोळं कॉलरजवळ न टांगता केगच्या डोक्यावर आडवं ठेवा आणि पंखा तिकडे वळवा.