नकाशांच्या पुस्तकाला ॲटलस काहून म्हणतात?

महालवाला
नमस्कार मंडळी. दिवाळीची साफसफाई करून राहिलो होतो, तं आजोबांच्या पेटीतून जुना शाळेचा ॲटलस निघाला, शिलाई उसवली आहे पण रंग अजून जसेच्या तसे, आणि आमची पोट्टी तेव्हापासून तो हातातून सोडूनच नाही राहिली. काल विचारते की बाबा, याला ॲटलस काहून म्हणतात? मी म्हटलं तो पृथ्वी खांद्यावर घेतलेला माणूस असते ना, त्याच्यावरून. मग म्हणते, पहिला कोणी बनवला अन् त्यानं सगळी पृथ्वी फिरून पाहिली काय? इथं अडकलो. तिला चुकीचं सांगायचं नाहीये.

जुना_नकाशा
भाऊ, ग्रीक कथेतला ॲटलस पृथ्वी नाही, आकाश पेलत होता. आणि हे नाव आपल्या नकाशांच्या पुस्तकाला पहिल्यांदा दिलं ते नकाशे काढणाऱ्या मर्केटरनं, पण त्यानं नाव घेतलं ते दुसऱ्याच ॲटलसचं, उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेतानियाचा दंतकथेतला राजा, आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करणारा. मर्केटर १५९४ मध्ये गेला, पुस्तक मुलानं १५९५ मध्ये काढलं आणि तेव्हा ते नाव छापून आलं.

पण पहिला ॲटलस मानतात तो २५ वर्षं आधीचा, ऑर्टेलियस नावाच्या माणसाचा, आताच्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात २० मे १५७० ला निघालेला, त्यात ५३ नकाशे. हा माणूस सुरुवातीला नकाशे रंगवून पोट भरायचा. तोवर नकाशे बहुतेक सुटे मिळायचे, कोणता लहान तं कोणता भिंतभर, यानं सगळे एका मापात नव्यानं कोरून घेतले, मागच्या बाजूला माहिती छापली आणि पुस्तक बांधलं. सगळी पृथ्वी काही फिरून पाहिली नाही त्यानं, दुसऱ्यांच्या नकाशांवरून काम केलं, पण ज्यांचे नकाशे वापरले त्यांची नावं पुस्तकातच छापली, ८७ जणांची! मला तं हेच सगळ्यात मोठं वाटते. पोरीला हे नक्की सांगा.

बुटीबोरी_अपडाऊन
फिरून मोजणारा पाहायचा असेल तं आपल्या जवळच आहे. विल्यम लॅम्बटन, भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीनं साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजली, त्यालाच ५७ दिवस लागले. नंतर त्या रेघेच्या दोन टोकांवरून लांबच्या एखाद्या टेकडीचा कोन घ्यायचा, त्रिकोणाच्या बाकी दोन बाजू गणितानं काढायच्या, मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं करत करत वर सरकायचं. कोन मोजायचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं. तंजावरला ते मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटून वाकलं, लॅम्बटननं तंबूत बसून सहा आठवडे स्वतःच्या हातानं सरळ केलं. २० वर्षं असंच काम केलं आणि हैदराबादहून नागपूरला येताना, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे.

मात्र ते ओझं टेकड्यांवर चढवणारे, रात्री दिवे धरून बसणारे खलाशी, म्हणजे मोजणीवरचे मजूर, आपलेच लोक होते, त्यांची नावं कुठल्या नकाशावर नाहीत. राधानाथ सिकदरांनी १८५२ मध्ये आकडेमोड करून पंधरा नंबरचं शिखर सगळ्यात उंच असल्याचं दाखवलं, तरी शिखराला नाव लॅम्बटननंतर मोजणी चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट साहेबाचं. याचं मला खरंच वाईट वाटते.

संत्रानगरी
आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या दगडाचा याच्याशी काही संबंध आहे का?

बुटीबोरी_अपडाऊन
आहे ना. तिथला तो १९०७ चा दगड याच मोजणीचा बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण आहे. जी.टी.एस. लिहिलं आहे ते हेच, ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे.

महालवाला
लय आभार! रात्री पोट्टीला सगळं वाचून दाखवलं. ८७ नावांचं ऐकल्यावर तिनं आजोबांचा ॲटलस पुन्हा पहिल्या पानापासून पाहिला, नकाशे काढणाऱ्यांची नावं सापडतात का म्हणून, तं एका कोपऱ्यात बारीक अक्षरात फक्त सर्व्हे ऑफ इंडियाच्या परवानगीची ओळ मिळाली. आता येत्या रविवारी हिंगणघाटला न्या म्हणते. कबर गावात नेमकी कोणत्या बाजूला आहे? तिकडचं कोणी असेल तं सांगा, सकाळीच निघायचा विचार आहे.